तुम्ही विचारलंत म्हणून: स्वस्तातलं ओन्सेन आणि सासूबाईंचं गोंदण

मार्च उजाडला की फोन सुरू होतात. "मे महिन्यात जपानला येतोय. आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई. एक रात्र ओन्सेनला काढायची आहे. फार महाग नको. कुठलं घेऊ?" ओन्सेन म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यावरचं स्नानाचं ठिकाण. तोक्योत निशि-कासाईला राहून मला अकरा वर्षं झाली, तेव्हा हा प्रश्न माझ्याकडे येणारच. गावाचं नाव सांगायच्या आधी मी उलट विचारते, "तुमच्यात कोण कोणासमोर कपडे काढायला लाजतं?" पलीकडे एकदम शांतता.

थट्टा नाही, सगळा हिशोब तिथूनच लागतो. वज्रेश्वरीच्या कुंडात बायका साडीनिशी उतरतात, ती सोय इथे नाही. बायकांचं कुंड वेगळं, पुरुषांचं वेगळं आणि अंगावर सूतसुद्धा नाही. आधी बाहेर बुटक्या स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ आंघोळ करायची, मगच कुंडात. हातातला छोटा टॉवेल पाण्याला लागू द्यायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा. मुलगा सात वर्षांचा झाला की बहुतेक ठिकाणी तो आईबरोबर बायकांच्या बाजूला जाऊ शकत नाही. पूर्वी ही मर्यादा दहाची होती, २०२० च्या अखेरीस सरकारने ती सातवर आणली. म्हणजे बाबा नसतील तर आठ वर्षांच्या पोराचं काय, हे आधी ठरवायला लागतं.

यावर उतारा म्हणजे काशिकिरी-बुरो, तासावर मिळणारं खाजगी कुंड. साधारण पाऊण तास मिळतो, दोन-तीन हजार येन पडतात, काही ठिकाणी फुकटही असतं. दाराला आतून कडी लावली की कुटुंबाचं राज्य. लाजाळू मंडळी असतील तर हॉटेलात बाकी काय आहे हे न बघता आधी हे आहे का ते बघा. खोलीलाच जोडलेलं कुंड असतं, फोटोत फार छान दिसतं, पण मग 'स्वस्त' हा शब्द विसरा.

आता पैसे. आमच्या पहिल्या सहलीत मी साइटवरचा आकडा खोलीचा समजले आणि घरात सगळ्यांना ऐकवलं, "बघा, किती स्वस्त मिळालं!" तो माणशी होता. इथे भाव लावतात तो 'इप्पाकु निशोकु', म्हणजे एक रात्र, दोन जेवणं, दर डोई. मुलांचं गणित अजून वेगळं. बहुतेक ठिकाणी मोठ्यांसारखं ताट घेतलं तर सत्तर टक्के, मुलांचं ताट घेतलं तर पन्नास, नुसती गादी हवी असेल तर तीस. वर माणशी दीडशे येनच्या आसपास स्नानकर, तोही वेगळा. त्यात मी शनिवार निवडला होता. शनिवारचा आणि सुट्टीच्या आदल्या रात्रीचा भाव कितीतरी चढा असतो. तेव्हा मंगळवार-बुधवार धरा आणि मे महिन्यात येत असाल तर पहिला आठवडा 'गोल्डन वीक'ला, म्हणजे जपान्यांच्या सलग सुट्ट्यांना, सोडून द्या.

त्या रात्री जेवायला बारा वाट्या आल्या. एकेक वाटी म्हणजे चित्रच, आणि जवळजवळ प्रत्येकीत मासा. ज्यात तुकडा दिसत नव्हता, तिच्या रश्शात होता, कारण इथला 'दाशी' हा रस्सा बहुधा सुकवलेल्या माशाचाच. सासूबाई माळकरी. भात आणि उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, खाऊन उठल्या. आंबट-खारट चव आवडली त्यांना, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हॉटेलचा दोष नव्हता, मी आधी कळवलंच नव्हतं.

तेव्हापासून मी सगळ्यांना बुफेवालंच हॉटेल सांगते. जपानी माणूस बुफेला 'बायकिंगु' म्हणतो. चोखंदळ लोक नाक मुरडतात, मुरडू देत. भात, सॅलड, उकडलेली भाजी, फळं, आइस्क्रीम, पोरं खूश. मेतकूट आणि लोणचं मात्र खोलीत खा, जेवणघरात डबा काढू नका.

अशी हॉटेलं स्वस्त कशी, तर त्यामागे कारण आहे. किनुगावा या ओन्सेन गावाचं उदाहरण घ्या. तोक्योच्या असाकुसाहून तोबु रेल्वेच्या गाडीने दोन तास, जवळच निक्कोची देवळं. तेजीच्या काळात कंपन्या आपल्या माणसांना बसमध्ये भरभरून इथे आणायच्या. त्यांच्यासाठी नदीकाठी दहा-दहा मजली हॉटेलं उठली. मग तेजी ओसरली, सहली थांबल्या, आणि २००३ मध्ये तिथली मोठी कर्ज देणारी आशिकागा बँकच सरकारला ताब्यात घ्यावी लागली. काही इमारती आजही फुटक्या काचांनिशी नदीकाठी उभ्या आहेत. पहिल्यांदा पाहून सासरे म्हणाले, "आपल्या बंद गिरण्यांसारखं दिसतंय." इथे आणि इतर ओन्सेन गावांतही अशी जुनी हॉटेलं साखळी कंपन्यांनी घेऊन बुफेवर चालवायला काढली. आठवड्याच्या मधल्या दिवशी माणशी दहा ते पंधरा हजार येनमध्ये दोन जेवणांसकट काम होतं. गालिचा विटका, लिफ्ट म्हातारी. पण खोल्या कंपनीच्या घोळक्यासाठी बांधलेल्या, दहा-बारा तातामींच्या, म्हणजे जमिनीवर तेवढ्या चटया मावतील एवढ्या. ओळीने पाच गाद्या घातल्या की अख्खं घर एकत्र. तोक्योच्या हॉटेलात पाच जणांना एक खोली मागून बघा!

किनुगावाचं पाणीही सौम्य, मुलांना आणि म्हाताऱ्यांना चालणारं. कुसात्सु या दुसऱ्या ओन्सेन गावाचं नाव मोठं आहे, पण तिथलं पाणी आम्लाचं. खरचटलेल्या गुडघ्याला ते कसं झोंबतं हे माझ्या मुलीला विचारा. लांब जाणार असाल तर क्यूशू बेटावरचं बेप्पु. तिथे कान्नावा भागात जमिनीतून येणाऱ्या वाफेवर स्वतःच उकडून खायची सोय आहे. मका, रताळी, बटाटे, अंडी. शाकाहाऱ्यांना याहून निर्धास्त जेवण जपानात क्वचितच मिळेल.

आणि गोंदण. किनुगावाला काउंटरवर पाटी होती, टॅटू असल्यास कुंडात प्रवेश नाही. माझ्या पोटात गोळा आला. सासूबाईंच्या उजव्या हातावर तुळशीवृंदावन आहे, साताऱ्याकडे लहानपणी गोंदलेलं, आता हिरवट झालेलं. मी मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं, हे धर्माचं आहे, इथल्या टोळीवाल्या गुंडांच्या टॅटूसारखं नाही. काउंटरवरची बाई गोंदणाकडे पाहत राहिली, मग आत गेली आणि कातडीच्या रंगाचं चिकटपट्टीसारखं स्टिकर घेऊन आली. तिने ते दोन्ही हातांनी धरून, वाकून पुढे केलं. सासूबाईंनी विचारलं, "देव झाकायचा?" मी म्हटलं, पाण्यापुरता. त्या म्हणाल्या, "मग राहू दे, मी खोलीतच बसते." शेवटी खाजगी कुंड घेतलं. पाऊण तास त्या, मी आणि नात. पहिली दहा मिनिटं आम्ही तिघी तीन दिशांना तोंड करून बसलो होतो. मग मुलीने आजीच्या हातावरचं वृंदावन बोटाने गिरवत विचारलं, "दुखलं होतं का?"

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला त्यांची गादी रिकामी. मी धावत खाली गेले, तर सासूबाई बायकांच्या मोठ्या कुंडातून येत होत्या. गाल लाल, युकाता, म्हणजे हॉटेलचा सुती झगा, अंगावर नीट, डावी बाजू वर. उलट नेसवतात ते मेलेल्या माणसाला, हे मी आदल्या दिवशी बजावलेलं. हातावर ते स्टिकर, एका कडेला सुटलेलं.

पुढच्या खेपेला त्याच हट्ट करून निक्कोच्या पलीकडे युमोतोला गेल्या. तिथलं पाणी गंधकाचं, दुधासारखं. चांदी काढून ठेवा म्हणून मी दोनदा सांगितलं, पण जोडवी कोण काढतंय? बाहेर आल्या तर ती कोळशासारखी काळी. परतीच्या गाडीत टूथपेस्ट लावून घासत बसल्या, शेजारच्या जपानी आजी टक लावून पाहत होत्या.