पाडलेल्या झाडांचा अडसर : एकदा स्वतः बांधून पाहिला

८ जुलै १७५८ ला कॅरिलॉन किल्ल्यापाशी सुमारे १६,००० ची ब्रिटिश फौज ३,६०० फ्रेंचांपुढे अडली. किल्ला न्यू यॉर्क राज्यात आहे, आता त्याला टायकोंडरोगा म्हणतात. आदल्या दिवशी फ्रेंच सेनापती मोंकाल्मच्या माणसांनी, अधिकाऱ्यांसकट, कुऱ्हाडी घेऊन ओंडक्यांची भिंत रचली आणि तिच्यापुढे झाडं आडवी पाडली. फ्रेंचमध्ये याला ‘अबाती’ म्हणतात. नुसत्या झाडांनी फौज अडते कशी, हे मला करूनच बघायचं होतं.

ऑक्टोबरात ओळखीच्या शेतकऱ्याला रानातली झाडं विरळ करायची होती. आम्ही चौघं मित्र कुऱ्हाडी घेऊन गेलो. झाड ज्या बाजूला पाडायचं तिकडून आधी खाच घ्यायची, हे त्यानंच दाखवलं. शेंडा शत्रूकडे, बुंधा आपल्याकडे. पाला आणि बारीक डहाळ्या सगळ्या छाटायच्या. पाला वाळला की पेट घेतो, शिवाय शत्रूला आडोसा होतो. जाड फांद्या ठेवून त्यांची टोकं तासायची. पुढचं झाड आधीच्याच्या फांद्यांत गुंतेल असं ओढून बसवायचं आणि बुंधे मेखा ठोकून जखडायचे. ओढण्यातच जीव गेला. एका पाइनला अर्धा तास लागला.

मला वडील आठवले. मळ्याला ते बाभळीच्या फेसाट्यांचं कुंपण करायचे, बुडखे आत, काटा बाहेर. मधलीच एक फेसाटी उपसायला गेलं तर निघायची नाही, शेजारच्या दोघी तिला धरून ठेवायच्या. इथंही तेच.

संध्याकाळी लोकरीचा कोट घालून, बंदुकीच्या लांबीची काठी घेऊन मी तो पंधरा फुटांचा पट्टा ओलांडला. चार मिनिटं लागली. कोट अडकला, काठी फांद्यांत आडवी झाली, पाय कुठं टाकायचा या विचारात मान वर निघाली नाही. त्या काळचा सरावलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढायचा. म्हणजे भिंतीमागच्या एकट्यानंच माझ्यावर बारा गोळ्या झाडल्या असत्या.

तोफेपुढे असा अडसर टिकत नाही. ब्रिटिश सेनापती ॲबरक्रॉम्बीकडे तोफा होत्या. त्या मागे ठेवून त्यानं दुपारपासून संध्याकाळपर्यंत पायदळ पुन्हा पुन्हा त्या फांद्यांत घातलं. जवळजवळ २,००० माणसं ठार-जखमी झाली, त्यातली सहाशेहून जास्त एकट्या ४२ व्या हायलँड रेजिमेंटची. हे मी आधीही वाचलं होतं. पण अडसर ओलांडून आल्यावर मला त्या सेनापतीचा खरोखर संताप आला.

दुसऱ्या दिवशी अडसर मोडायला आम्हाला दुपार झाली. लाकूड शेतकऱ्यानं सरपणाला ठेवून घेतलं.