ऊन पडायची वाट का बघत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कृष्णेचे माझे सगळे फोटो मळभाचे का, पावसात कॅमेरा भिजवत उभं राहण्यापेक्षा ऊन पडेपर्यंत थांबत का नाही. वाईच्या घाटावर ट्रायपॉड लावला की शेजारी छत्री घेऊन उभा असलेला माणूस हेच विचारतो. पुण्यात प्रिंट बघायला आलेले हेच विचारतात. माझी सख्खी बहीण तर म्हणते, "तुला एक तरी हसरा फोटो काढता येतो का गं?" आजवर दोन वाक्यांत उत्तर देऊन मी विषय संपवत आले. ते उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धं होतं.

आधी ते अर्धं. आपल्याकडचा शरद लाल-पिवळ्या पानांचा नाही. वाईपासून खाली भुईंजकडे येताना ऑक्टोबरात बदलतं ते पाणी आणि गवत. श्रावण-भादव्यातलं गढूळ पाणी निवळून हिरवट होतं, पांडवगडाच्या उतारावर गवताला पिवळी झाक येते, बांधावर कुर्डूचे तुरे उभे राहतात. हे सगळे रंग मंद आहेत, एकमेकांना लागून असलेले. सकाळी आठलाच ऑक्टोबरचं ऊन चटका द्यायला लागतं आणि मग नदीत दोनच रंग उरतात, कातळाचा काळा आणि पाण्याचा पांढरा. कॅमेऱ्याला दोन्ही एकदम झेपत नाहीत. कातळ धरला तर पाणी जळतं, पाणी धरलं तर कातळाचं डांबर होतं. मळभात उजेड सगळीकडून सारखा येतो, सावल्या विरघळतात, आणि कुर्डूचा गुलाबी कुठे संपतो नि पांढरा कुठे सुरू होतो तेसुद्धा दिसतं.

अर्थात मळभही फुकट काही देत नाही. आकाश कोऱ्या कागदासारखं असतं, ते चौकटीबाहेर ठेवावं लागतं. दर दोन फोटोंमागे लेन्सवरचे थेंब टिपावे लागतात, मी जुन्या सुती ओढणीचा तुकडा वापरते. आणि ओलं पान या उजेडात हिरवं दिसतच नाही, आकाशाची चकाकी त्याच्यावर साय धरल्यासारखी बसलेली असते. पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढचा चकाकी कापणारा फिल्टर, दोन बोटांत धरून हळूहळू फिरवला की ती साय पानावरून सरकते. आधी कडा हिरवी होते, मग शिरा, मग पानाखालचा ओला गोटा दिसतो. पाण्यावरचीही चकाकी तशीच उतरते, पण ती सगळी उतरवली तर नदी मरते, नुसता काळा खड्डा उरतो. थोडी ठेवावी लागते. किती, हे मी दर वेळी नव्याने शोधते. शिवाय हा फिल्टर निम्म्याहून जास्त उजेड खातो, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

इथवरचं कोणीही सांगेल. पूर्वी एका शिबिरात मी याच्याही पुढे जाऊन मुलांना म्हणाले होते, "ऊन खुशामत करतं, ढगाळ उजेड प्रामाणिक असतो." टाळ्या पडल्या होत्या. आज ते वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही. तेव्हा पाऊस मला फक्त उजेडाचा एक प्रकार वाटायचा.

२०१९ तुम्हाला आठवत असेल. ऑगस्टात सांगली बुडाली. मग पाऊस परतायचं नाव घेईना. मोसमी वारे राजस्थानातून माघारी फिरायला लागले तेच ९ ऑक्टोबरला, इतका उशीर तोवरच्या नोंदींत नव्हता. आणि पाठोपाठ ऐन दिवाळीत अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ. धनत्रयोदशीचा दिवस होता, २५ ऑक्टोबर. आदल्या दिवशी निवडणुकीचे निकाल लागले होते आणि वाईच्या बाजारात पणत्यांच्या पाट्या प्लॅस्टिकखाली झाकून ठेवल्या होत्या. मामांचा सकाळीच फोन आला होता. सोयाबीन काढून ढीग घातलाय, मळणीचं मशीन परवा मिळणार, घरातली ताडपत्री फाटलीय, "येताना वाईतनं एक मोठी घिऊन ये, तायडे."

ताडपत्री मी घेतली. गाडीच्या डिकीत ठेवली. पाच वाजले होते.

मामांच्या गावाच्या अलीकडे नदी वळते तिथे मी थांबले. पाऊस नव्हता, पण ढग इतके खाली आले होते की पलीकडचा उंचवटा अर्धा पुसला गेला होता. पाण्याला शिशासारखा रंग होता. अलीकडे उंबराची एक फांदी पाण्यावर वाकलेली. असा उजेड मला आधी कधी मिळाला नव्हता, पुढेही मिळालेला नाही. पंधरा मिनिटं, असं मी स्वतःला सांगितलं. ट्रायपॉडचा एक पाय गाळात रुतत होता, त्याखाली चपटा दगड सरकवला. थेंब पडायला लागले तेव्हा मला आनंद झाला. खरंच सांगते, आनंद झाला. कारण आता पानं पुन्हा धुतली जाणार होती. मग पावसाने धरलंच. छत्री कॅमेऱ्यावर धरून मी भिजत राहिले. एफ ११, आयएसओ १००, शटर एक सेकंद उघडं. पलीकडच्या उंचवट्यावर काहीतरी पांढरं हलत होतं. बगळे, मला वाटलं. चौकटीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात पांढरा हवाच होता. मी बगळे उडून जाण्याआधी घाईघाईने चार फोटो घेतले.

पंधराची चाळीस मिनिटं झाली.

मामांच्या रानात पाणी साचलं होतं म्हणून त्यांनी ढीग नदीकाठी, शेजाऱ्याच्या उंचवट्यावर घातला होता. मला ते ठाऊक नव्हतं. ते बगळे म्हणजे मामा आणि मामी होते. खताची रिकामी पोती उसवून, जोडून त्यांनी जे पाल शिवलं होतं ते दोघं दोन टोकांनी ढिगावर ओढत होते, आणि वारा ते उडवत होता. एका सेकंदाच्या शटरमध्ये माणसं विरघळली आणि पोत्यांचा तेवढा पांढरा फराटा राहिला. हे मला कळलं दिवाळीनंतर, कॉम्प्युटरवर फोटो मोठा केला तेव्हा. फराट्याच्या खालच्या कडेला मामीच्या लुगड्याचा हिरवा काठ आहे. तो एवढा बारीक आहे की माहीत नसेल तर दिसणार नाही.

त्या संध्याकाळी मात्र मी ताडपत्री घेऊन पोचले तेव्हा ढीग वरून खालपर्यंत निथळत होता. मामा म्हणाले, "आलीस व्हय? भिजली न्हाईस न्हवं?" मी म्हणाले, बाजारात गर्दी होती. मामीने मला आधी टॉवेल दिला, मग चहा.

पाऊस पुढेही थांबला नाही. चार-पाच दिवसांत शेंगांतल्या शेंगांत दाण्यांना कोंब फुटले, शेंगा काळ्या पडल्या, मुठीत घेतल्या तर कुबट वास यायचा. त्या वर्षी हमीभाव ३,७१० रुपये क्विंटल होता, पण हमीभाव वाळलेल्या, चांगल्या दाण्याचा असतो. मामांचा माल व्यापाऱ्याने हातात घेऊन परत पोत्यात टाकला. नोव्हेंबरात राज्यपालांनी खरिपासाठी हेक्टरी ८,००० रुपयांची मदत जाहीर केली, दोन हेक्टरपर्यंत. मामांची जमीन एक हेक्टरही नाही.

मी वेळेवर पोचले असते तर ढीग वाचला असता का? मी स्वतःला शंभरदा सांगितलंय की नसता वाचला. ओला माल ताडपत्रीखाली उबतो, आतून बुरशी धरतो, आणि वरून इतके दिवस पाऊस. कदाचित वरचा थर गेला असता, आतला अर्धा राहिला असता. कदाचित तोही नाही. हा हिशोब मी अजून करते, आणि दर वेळी उत्तर वेगळं येतं.

दोन वर्षं मी ऑक्टोबरात तिकडे गेलेच नाही. उन्हातले फोटो काढून बघितले, बहिणीला आवडले. त्यात मला नदी सापडली नाही. मग पुन्हा जायला लागले, पुन्हा मळभात. ते बरोबर आहे असं माझं म्हणणं नाही. एवढंच आहे की ती नदी मला त्याच उजेडात दिसते, आणि तो उजेड ज्या पावसातून येतो तो पाऊस आता मला नुसता उजेड म्हणून बघता येत नाही. हल्ली ट्रायपॉड उघडण्याआधी मी मामांना फोन करते, "रानात काही पसरलंय का?" ते म्हणतात, "न्हाई, काढ तू." तरी मी पलीकडचा काठ आधी नीट बघून घेते.

त्या फोटोतला तो कोपरा कापून टाक, असं मला जाणकारांनी सुचवलंय, चौकट जास्त बांधीव होईल म्हणतात. मी एकदा कापून बघितला होता. परत जोडला.

एक मोठी प्रिंट मामांच्या ओसरीवर आहे, त्यांनीच मागून घेतली. बाजारातल्या गर्दीचं खोटं मी अजून उकललेलं नाही, जमलंच नाही. मागच्या दिवाळीत गेले तेव्हा कोणी पाहुणे आले होते. मामा चष्मा कपाळावर सरकवून फोटोजवळ गेले, डाव्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "आन् ह्ये बगळं." मामी आतून चहा घेऊन येत होती. ती दारातच थांबली, फोटोकडे न बघता माझ्याकडे बघितलं, आणि पहिला कप माझ्या हातात दिला.