घाटावरचा संवाद आणि एकच कॅमेरा

विद्यार्थ्यांच्या लघुपटात ड्रोनचा शॉट छान जमलेला असतो, गाडीवरून जाणारा नायकही छान दिसतो, आणि दोन माणसं बोलायला बसली की चित्रपट ढेपाळतो. संवाद चांगले, नट चांगले, तरी कोण कुणाशी बोलतंय तेच कळेनासं होतं. कॅमेरा एकच असतो, त्यामुळे प्रसंग तुकड्यातुकड्यांनी घ्यावा लागतो आणि तुकडे जुळत नाहीत. म्हणून हा एकच प्रसंग तपशिलात मांडतो.

जागा सांगलीचा सरकारी घाट, वेळ संध्याकाळची. एकाच पायरीवर अण्णा आणि त्यांची मुलगी एकमेकांकडं तोंड करून तिरके बसलेत, मध्ये भडंगाचा पुडा. मुलगी म्हणते, "अण्णा, मी सोमवारी निघते." अण्णा भडंग चिवडत म्हणतात, "जा की. आम्ही कुठं अडवलंय?" दीड पानाचा प्रसंग, पडद्यावर साधारण दीड मिनिट.

आधी अक्ष ठरवा. मुलीच्या नाकापासून अण्णांच्या नाकापर्यंत एक दोरी ताणली आहे असं समजा. कॅमेरा या दोरीच्या एकाच बाजूला राहिला पाहिजे. वरच्या पायऱ्यांवरून नदीकडं तोंड करून लावला, तर मागं कृष्णा आणि कडेला आयर्विन पूल मिळतो. मुलगी डावीकडं बसून उजवीकडं बघते, अण्णा उजवीकडं बसून डावीकडं. आता अण्णांचा क्लोजअप घेताना जागा सोयीची वाटली म्हणून कॅमेरा खालच्या पायरीवर नेलात, की अण्णाही उजवीकडं बघायला लागतात. दोन्ही शॉट शेजारी लावले की बापलेक मिळून तिसऱ्याच कुणाकडं बघतायत असं दिसतं. सेटवर हे लक्षात येत नाही, एडिटिंगला बसल्यावर येतं. अशा वेळी शॉट आडवा उलटा करून बघतात. चेहरा एकवेळ खपतो, पण मागच्या पाटीवरची अक्षरं उलटी होतात आणि मुलगी साडीत असेल तर पदर उजव्या खांद्यावर जातो. अक्ष ओलांडायचाच असेल तर शॉट चालू असताना कॅमेरा फिरवत न्या, किंवा पात्राला उठवून दुसरीकडं बसवा. प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत झालेला बदल त्याला खटकत नाही.

संध्याकाळी सूर्य सांगलीवाडीच्या बाजूला, म्हणजे नदीपलीकडं उतरतो. वरून कॅमेरा लावला की प्रकाश दोघांच्या मागून येतो. केसांना सुंदर कड मिळते, पण मोबाइल आपोआप एक्स्पोजर, म्हणजे उजेड किती घ्यायचा ते, ठरवत असेल तर चमकणारं पाणी बघून चेहरे काळे करून टाकतो. म्हणून चेहऱ्यावर बोट दाबून एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा, व्हाइट बॅलन्सही, म्हणजे रंगाची झाकही, एका आकड्यावर बांधून ठेवा. पाणी थोडं पांढरं पडलं तरी चालेल, डोळे दिसले पाहिजेत. कॅमेऱ्याच्या शेजारी, फ्रेमच्या बाहेर, डेकोरेशनवाल्याकडं मिळतो तसा थर्माकोलचा मोठा पांढरा तक्ता तिरका धरला की चेहऱ्यावर पुरेसा उजेड परत येतो. तो धरायला एक माणूस नेमा. दगडाला टेकवला तर पहिल्या वाऱ्यात नदीत जाईल.

फ्रेम रेट 25, म्हणजे सेकंदाला 25 चित्रं; शटर, म्हणजे प्रत्येक चित्राला उजेड मिळण्याचा वेळ, 1/50 सेकंद. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे, त्यामुळे अंधार पडताना घाटावरचे दिवे लागले तरी या शटरला ते लुकलुकत नाहीत. उजेड जास्त आहे म्हणून शटर 1/1000 वर नेलं, तर पाण्याची चमक आणि हातांच्या हालचाली तुटक दिसतात. उजेड कमी करायचं काम एनडी फिल्टरचं, म्हणजे लेन्ससमोर लावायच्या करड्या काचेचं. कडक उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100 आणि 1/50 ला ॲपर्चर (लेन्सचं भोक) एफ 22, म्हणजे अगदी बारीक, लागतं; ते एफ 2.8 वर आणायचं तर सहा स्टॉप अडवावे लागतात (एका स्टॉपला उजेड निम्मा होतो), म्हणजे एनडी 64. मावळतीला एवढा गडद फिल्टर लागत नाही.

भिंगाबद्दल एकच सांगतो. मोबाइलची मुख्य लेन्स फुल-फ्रेम (35 मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याच्या हिशेबाने साधारण 24 ते 26 मिलिमीटरची असते. ती दोन फुटांवर नेऊन क्लोजअप घेतलात तर नाक मोठं आणि कान मागं गेलेले दिसतात. सहासात फूट मागं सरका आणि दुप्पट झूमची लेन्स वापरा. कॅमेरा 1.5 क्रॉपचा, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा दीडपट लहान सेन्सरचा, असेल तर 50 ची लेन्स 75 सारखी वागते. क्लोजअपला ती उत्तम. मुलगी ज्या लेन्सने, जेवढ्या अंतरावरून घेतली, त्याच लेन्सने तेवढ्याच अंतरावरून अण्णा घ्या. कॅमेऱ्याची उंची बसलेल्या माणसाच्या डोळ्यांइतकी ठेवा. घाटावर ट्रायपॉडचा एक पाय खालच्या पायरीवर जातो आणि क्षितिज हळूच तिरकं होतं. पुलाचा कठडा बघून ते सरळ करा.

आता नजर. क्लोजअपमध्ये मुलगी बोलत असताना अण्णांनी लेन्सला अगदी चिकटून, मघाच्या दोरीच्या बाजूला बसायचं आणि आपली वाक्यं खरोखर म्हणायची. "तिकडं बघून बोल" म्हणून हवेत बघायला लावलं की डोळे मेलेले दिसतात. सांगलीत हे जास्त जपावं लागतं. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये इथंच 'सीता स्वयंवर' हे नाटक उभं केलं. इथल्या पोरांना एकांकिकांचं वळण असतं आणि ती सवयीने अंग प्रेक्षकाकडं, म्हणजे कॅमेऱ्याकडं, उघडं ठेवतात. आवाजही शेवटच्या रांगेपर्यंत फेकतात. त्यांना सांगायचं, प्रेक्षक समोरच्या माणसाच्या डोळ्यात बसलाय, तीन फुटांवर.

उजेड जेमतेम दीड तास. एका मांडणीला, म्हणजे कॅमेरा एका जागी लावून घेतलेल्या शॉटला, वीस मिनिटं धरली तर चारपाचच मांडण्या होतात, तेव्हा क्रम महत्त्वाचा. पहिला मास्टर, म्हणजे पूर्ण प्रसंगाचा रुंद शॉट, ज्यात नदी, पूल आणि दोघंही दिसतात. मग दोन्ही बाजूंनी खांद्यावरून घेतलेले शॉट, कारण त्यांतही पाणी दिसतं. क्लोजअप शेवटी: मागं नुसती पायरी ठेवली तर सूर्य गेला तरी जुळवता येतात. प्रत्येक मांडणीत पूर्ण प्रसंग पहिल्यापासून शेवटपर्यंत घ्या. स्वतःचं वाक्य संपलं की कॅमेरा बंद, ही वेळ वाचवायची युक्ती सगळ्यात महागात पडते.

पावसाळ्यात हा घाट धरून चालू नका. आयर्विन पुलाजवळची इशारा पातळी 40 फूट आहे, पण तिच्या बऱ्याच आधी खालच्या पायऱ्या पाण्यात जातात, आणि पाणी उतरलं की गाळाने पाय घसरतो. अर्धा प्रसंग आज आणि अर्धा आठ दिवसांनी घेतलात तर मागच्या पायऱ्यांची संख्याच बदललेली असेल.

भडंग दिसायला छान आणि कामाला वैताग. कुठल्या शब्दावर हात पुड्यात गेला हे एकाने वहीत लिहून ठेवायचं, नाहीतर कट केल्यावर मूठ कधी भरलेली कधी रिकामी दिसते. प्रत्येक टेकला पुडा सारखाच भरा, म्हणजे किलोभर भडंग जवळ ठेवा. बोलताना चावायचं नाही; कुरकुरीत आवाज संवादावर बसला की निघत नाही. तो आवाज नंतर वेगळा रेकॉर्ड करा. कॉलर माइक छातीच्या वरच्या भागात, सदऱ्याच्या आतून, औषधाच्या दुकानातल्या कागदी चिकटपट्टीने लावा. रेकॉर्डिंग 48 किलोहर्ट्झला, आणि टेकच्या सुरुवातीला फ्रेममध्ये एक टाळी, म्हणजे आवाज जुळवता येतो. निघण्यापूर्वी सगळ्यांनी गप्प बसून घाटाचा नुसता आवाज एक मिनिट घ्या. पुलावरच्या गाड्या, देवळातली घंटा, पाणी. कटांमधली भगदाडं यानेच बुजतात.

एडिटिंगला बसल्यावर जो बोलतोय तोच दाखवायचा मोह होतो. या प्रसंगात "मी सोमवारी निघते" हे वाक्य मुलीच्या चेहऱ्यावर सुरू करा आणि "सोमवारी" ऐकू येतानाच अण्णांवर या. "जा की" नंतर मुलीवर जाण्याची घाई नको. अण्णांचा हात पुड्यात थांबलेला आहे, तो तीनचार सेकंद तसाच राहू द्या. पूर्ण प्रसंग प्रत्येक बाजूने घेतला असेल तरच ते सेकंद तुमच्याकडं असतील.