दोष हाताचा नव्हता, अल्कोहोलच्या बीकरचा होता

प्लेटवर, म्हणजे जिवाणू वाढवण्यासाठी आगरचा जेलीसारखा थर ओतलेल्या बशीवर, नको ती कॉलनी (जिवाणूंचा डोळ्यांना दिसणारा पुंजका) उगवली की प्रयोगशाळेत पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "तुझा हात अजून बसलेला नाही." हे वाक्य मी इतकं ऐकलं आहे की आता दुसऱ्या कुणाला ते म्हटलेलं कानावर आलं तरी मला राग येतो. ज्योतीवर उपकरणं निर्जंतुक करायला शिकताना मी जिथे अडकले, त्याचं कारण भलतंच होतं आणि ते शोधायला कुणी तयार नव्हतं. म्हणून सविस्तर लिहिते.

लूपचं, म्हणजे जिवाणू उचलायच्या टोकाला वळवलेल्या तारेचं, काम लवकर जमलं. बर्नरची हवेची खिडकी उघडी ठेवून ज्योत निळी करायची, आतल्या निळ्या शंकूच्या टोकाच्या किंचित वर तार धरायची, तीही जवळजवळ उभी, म्हणजे ती पूर्ण लांबीभर लालबुंद होते. नंतर दहा-पंधरा सेकंद गार होऊ द्यायची. फुंकायची नाही, हवेत हलवायची नाही. शंका वाटली तर आगरच्या कोऱ्या कडेला टेकवून बघायची. चर्र आवाज आला तर अजून थांबायचं, नाहीतर उचललेले जिवाणू तारेवरच मरतात. यात फारसं काही अडलं नाही.

अडलं ते स्प्रेड प्लेटवर. विरल केलेल्या नमुन्याचे ०.१ मिली आगरवर टाकायचे आणि काचेच्या वाकड्या स्प्रेडरने सगळीकडे पसरायचे. काच तारेसारखी लाल करता येत नाही; तडकण्याची भीती असते आणि गार व्हायलाही फार वेळ लागतो. म्हणून स्प्रेडर अल्कोहोलमध्ये बुडवायचा, निथळू द्यायचा, ज्योतीला नुसता लावायचा आणि बाजूला धरून अल्कोहोल जळू द्यायचं. सगळ्यांना असंच शिकवतात, मीही तसंच करत होते.

माझं कल्चर (वाढवलेले जिवाणू) ई. कोलाय या जिवाणूचं. कॉलनी गुळगुळीत, ओलसर, गोल यायला हवी. तशा यायच्याही, पण त्यांच्यामध्ये एखाद-दुसरी पांढुरकी, कोरडी, सुरकुतलेली, वेड्यावाकड्या कडांची कॉलनी पसरलेली असायची. अशी प्लेट मोजता येत नाही. मग पुन्हा आगर ओता, पुन्हा नमुना विरल करा, पुन्हा ३७ अंशांवर रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा तेच. सल्ले भरपूर मिळाले: झाकण कमी उघड, बर्नरजवळ सरक, काम करताना बोलू नकोस. सगळं पाळलं, तरी ती सुरकुतलेली कॉलनी येतच राहिली.

मला खटकलं ते हे की पाहुणी प्रत्येक वेळी एकच होती. हवेतून किंवा हातावरून काही पडत असतं तर कधी बुरशी आली असती, कधी पिवळी कॉलनी, कधी गुलाबी. एकच प्रकार पुन्हा पुन्हा येतो, याचा अर्थ त्याचा उगमही एकच असणार. मग मी नमुना बाजूलाच ठेवला आणि फक्त कंट्रोल प्लेट, म्हणजे तुलनेसाठी नमुना न घातलेल्या प्लेट, लावल्या. एक न उघडलेली. एक बर्नरजवळ तेवढाच वेळ उघडी ठेवलेली. एकीवर निर्जंतुक सलाईन लूपने ओढलं, एकीवर तेच सलाईन स्प्रेडरने पसरलं. दुसऱ्या दिवशी फक्त स्प्रेडरची प्लेट उगवली होती.

त्या कॉलनीच्या ग्रॅम स्टेनमध्ये (जिवाणू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची पद्धत) जांभळे दांडके दिसले आणि त्यांच्या आत रंग न घेतलेला ठिपका. मॅलाकाइट ग्रीनने स्पोअर स्टेन केला तर तेच ठिपके हिरवेगार झाले. म्हणजे बीजाणू (स्पोअर, जिवाणूचं टिकाऊ सुप्त रूप) तयार करणारा बॅसिलस हा जिवाणू. मी म्हटलं, अल्कोहोलचा बीकर तपासू या. उत्तर आलं, "अल्कोहोलमध्ये काय जगणार?"

याच उत्तराने मला सर्वांत जास्त वेळ अडवलं. अल्कोहोलमध्ये काही वाढत नाही, हे खरं. पण बीजाणू त्यात मरतही नाहीत. ७० टक्के अल्कोहोल वाढत्या पेशींची प्रथिनं बिघडवून त्यांना मारतं. बीजाणूचं जाड आवरण आणि आतला जवळजवळ कोरडा गाभा त्याला दाद देत नाही. अँथ्रॅक्सच्या बीजाणूंवर अल्कोहोल निरुपयोगी ठरतं हे रॉबर्ट कॉख यांनी १८८१ मध्येच नोंदवलं होतं. आणि स्प्रेडरवरची ज्योत काही क्षणांची. त्यात अल्कोहोल जळून जातं, काच बीजाणू मरतील इतकी तापत नाही. आमचा बीकर कधी रिकामा होतच नव्हता. पातळी उतरली की वरून भर घालायची, आणि वापरलेला प्रत्येक स्प्रेडर पुन्हा त्यातच. तळाला आगरचे कण दिसत होते. बदलून मागितलं तर "शिल्लक आहे तोवर वापरा."

शेवटी त्यातलं थोडं अल्कोहोल ०.४५ मायक्रॉनच्या नायलॉन फिल्टरमधून गाळलं, निर्जंतुक पाण्याने फिल्टर धुतला आणि तो आगरवर ठेवला. शेजारी नव्या बाटलीतलं अल्कोहोल गाळलेला फिल्टर. सकाळी जुन्या बीकरच्या फिल्टरवर तीच सुरकुतलेली कॉलनी उगवली होती आणि नव्या बाटलीचा फिल्टर कोरा होता. दोन्ही प्लेट टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. बीकर त्याच दिवशी रिकामा झाला. मला खूप हलकं वाटलं, अभिमानही वाटला. हाताबद्दलचं ते वाक्य मात्र कुणी मागे घेतलं नाही.

आता मी स्प्रेडर फॉइलमध्ये गुंडाळून हॉट एअर ओव्हनमध्ये १६० अंशांवर दोन तास ठेवते आणि शक्य असेल तर प्रत्येक प्लेटला वेगळा वापरते. पुरत नसतील तेव्हाच अल्कोहोल आणि ज्योत. बीकर ऑटोक्लेव्ह केलेला (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक), अल्कोहोल ०.२२ मायक्रॉनमधून गाळलेलं, रोज ताजं आणि वाकडा भाग बुडेल इतकंच. फिल्टर अल्कोहोल सोसणारा घ्या. सेल्युलोज नायट्रेटचा चालत नाही.

बीकर आणि बर्नर यांच्यात हातभर तरी अंतर हवं. पेटलेला स्प्रेडर कधीही परत बीकरमध्ये घालू नका. भरपूर उजेडात अल्कोहोलची ज्योत दिसत नाही, त्यामुळे विझली असं वाटल्यावरही थोडं थांबा. वाकडं टोक नेहमी खालीच ठेवा, नाहीतर जळतं अल्कोहोल ओघळून बोटांवर येतं. बीकरने पेट घेतलाच तर पाणी ओतू नका, काचेची डिश वर झाका. ती आधीपासून जवळ ठेवलेली असावी. प्लॅस्टिकच्या प्लेट ज्योतीपासून दूर. केस बांधलेले.

लूपबद्दल एक राहिलं. त्यावर घट्ट किंवा ओला नमुना असेल तर तो थेट ज्योतीच्या सर्वांत गरम भागात घालू नका, तडतडून जिवंत थेंब उडतात. मुठीकडच्या तारेपासून तापवत हळूहळू टोकाकडे या.

आणि ज्या दिवशी स्प्रेडर हातात घ्याल, त्या दिवशी सलाईनची एक प्लेट सगळ्यांच्या आधी लावा. माझी ती प्लेट कोरी निघाली तरच मी बाकीच्या मोजायला घेते.