न दिलेल्या डबीचा रिपोर्ट

कीटो, म्हणजे कर्बोदकं (कर्ब्ज) अगदी कमी करून शरीराला चरबी जाळायला लावणारा आहार, सुरू करून एकवीस दिवस झाले. भात, पोळी, साखर बंद. कर्ब्ज वीस-पंचवीस ग्रॅमच्या आत. तरी लघवीतले कीटोन (चरबी जळताना यकृत बनवतं ते) दाखवणारी पट्टी बदामी ती बदामीच, जांभळी व्हायचं नाव नाही.

पट्टीवर माझा फारसा विश्वास नव्हताच. तिला असिटोअसिटेट हा कीटोन तेवढा कळतो, रक्तात जास्त असतो तो दुसरा, बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट. म्हणून लॅब गाठली, उपाशीपोटी.

"कीटोन ना? ही डबी घ्या, बाथरूम उजवीकडे."

"मॅडम, रक्तातले हवेत."

"कीटोन लघवीतच बघतात सर."

चिठ्ठीवर त्या दुसऱ्या कीटोनचं नाव लिहून दिलं. त्यांनी 'बी' टाइप केलं, यादीत बी-१२ आलं. "हेच ना?" मग लॅबच्या सरांना फोन. सर उचलेनात. साडेदहा झाले, आदल्या रात्री आठनंतर पोटात फक्त पाणी. शेवटी फास्टिंग इन्सुलिनपुरतं रक्त दिलं, डबी तशीच काउंटरवर ठेवली आणि समोरच्या टपरीवर बिनसाखरेचा चहा घेतला. संध्याकाळी रिपोर्ट: इन्सुलिन उत्तम, आणि खाली 'लघवीतील कीटोन: निल'. अहो, डबी मी दिलीच नव्हती!

चिडून बोटाला टोचायचं मीटर घेतलं. रक्तातले कीटोन ०.३ मिलिमोल प्रति लिटर. निदान ०.५ तरी हवं.

मग ताटाचा हिशेब मांडला. सहा अंडी, पाव किलो पनीर, चिकन, वर व्हे प्रोटीन पावडरचे दोन स्कूप. अडुसष्ट किलोच्या माणसाला पावणेदोनशे ग्रॅम प्रोटीन! प्रोटीननं इन्सुलिन आणि त्याच्या उलट काम करणारा ग्लुकॅगॉन, ही दोन्ही हार्मोन्स वाढतात. कर्ब्ज कमी असताना ग्लुकॅगॉन तोल सांभाळतो, म्हणून बेताचं प्रोटीन कीटोसिस (रक्तात कीटोन वाढलेली अवस्था) मोडत नाही. पण ढीगभर खाल्लं, त्यातही व्हे, की इन्सुलिन चढतं आणि यकृत कीटोन बनवण्यात हात आखडतं. व्हे बंद केलं, प्रोटीन पंचाण्णववर आणलं, भूक तुपावर भागवली. पाचव्या दिवशी ०.८!

हे आधीच सांगायला हवं होतं: मधुमेहाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नका. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांवर तर साखर फारशी न वाढताही कीटोॲसिडोसिस (कीटोन बेसुमार वाढून रक्त आम्ल होणं, जे जिवावर बेतू शकतं) होऊ शकतो. आणि प्रोटीन एकदम खाली आणू नका. मी दोन दिवस पन्नासवर आणलं होतं, जिना चढताना पाय लटपटले.

लॅबमध्ये पैसे परत मागायला गेलो. मॅडम म्हणाल्या, "रिपोर्ट तर दिलाय ना सर?"