आमची वाटचाल: मुनव्यापासून बीपर्यंत

आमचा रोपांचा धंदा सुरू झाला तो बीच नसलेल्या पिकावर. जळगावच्या यावल तालुक्यात आमची जेमतेम दोन एकर केळी. वडील बागेतले तलवारी मुनवे, म्हणजे केळीच्या बुडाशी फुटणारी तलवारीसारख्या अरुंद पानांची पिल्लं, काढायचे, कंद तासून औषधाच्या पाण्यात बुडवायचे आणि रावेर-चोपड्याकडच्या शेतकऱ्यांना द्यायचे. केळीला बी का नसतं, असं मी विचारलं की ते केळं उभं चिरून मधले काळे ठिपके दाखवायचे. "हे तिचं बी. व्हायचं राहून गेलं."

जंगली केळीत चांगल्या कडक, काळ्या बिया असतात, हे मला पुढे कळलं. आपल्या लागवडीच्या केळीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे बी धरत नाही. फळ मात्र फलनाशिवायच पोसतं. म्हणून ती मुनव्यावर चालते. ऊतिसंवर्धित (प्रयोगशाळेत वाढवलेली, टिश्यू कल्चरची) रोपं आली तसा आमचा मुनव्यांचा धंदा बसला आणि आम्ही बियांकडे वळलो.

पहिला फटका पपईने दिला. घरच्या गोड पपईच्या बिया राखेत चोळून घेतल्या, कारण त्यांच्यावरचं बुळबुळीत आवरण उगवण रोखतं. पिशव्यांत टोकल्या, उगवल्याही छान. शहाद्याकडचे एक शेतकरी रोपं घेऊन गेले आणि सहा महिन्यांनी परत आले. "भाऊ, निम्म्या झाडांना नुसते फुलांचे झुबके लोंबताहेत. फळ एक नाही." ती नर झाडं होती. ज्या जातीत नर आणि मादी झाडं वेगळी, तिच्या बियांतून साधारण निम्मे नर निघतात आणि रोपावरून ते ओळखता येत नाहीत. मला हे आधी माहीत असायला हवं होतं. त्यांचे पैसे परत केले; गेलेला हंगाम कसा परत करणार? तेव्हापासून ज्या जातीत झाडं मादी किंवा उभयलिंगी निघतात, त्याच जातीचं बी आणतो आणि देताना हे समजावून सांगतो.

त्यानंतर प्रत्येक बीचा स्वभाव शिकत गेलो. निंबोळी जमिनीवर पडली की गर काढून लगेच पेरायची. काही आठवडे ठेवली तर तिची उगवण जाते. भरीताच्या वांग्याचं बी हवं तर फळ झाडावरच पिवळं होऊ द्यावं लागतं. जळगावच्या केळीला आणि भरीताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून वांग्याच्या रोपांची विचारणा होतच असते. बोराची जी आठोळी आपण बी म्हणून थुंकतो, ती खरं तर फळाचीच आतली कठीण भिंत, खरं बी तिच्या आत. आठोळी फोडून पेरली तर लवकर रुजते. पण ते रोप फक्त खुंटासाठी, म्हणजे कलमाचा खालचा भाग म्हणून. मेहरूणच्या बोराची चव हवी असेल तर त्यावर त्या झाडाचा डोळाच भरावा (कलम करावा) लागतो.

सगळ्यात जास्त शिकवलं ते गेटजवळच्या सायकसने, त्या ताडासारख्या दिसणाऱ्या शोभेच्या झाडाने. एका वर्षी तिच्या माथ्यावर लोकरीसारख्या तपकिरी पानांच्या कडेला केशरी गोळे दिसले. येणारा जाणारा म्हणायचा, "सायकसला फळं आली!" फळ नव्हे. वांगं, पपई, बोर यांत ज्याचं पुढे बी होतं ते बीजांड फुलाच्या अंडाशयात बंद असतं आणि अंडाशयाचं फळ होतं. ही झाडं आवृतबीजी. सायकसला अंडाशयच नाही, बी उघड्यावरच वाढतं, म्हणून ती अनावृतबीजी. दारोदारची मोरपंखीही त्याच घराण्यातली. (या केशरी बिया विषारी असतात. लहान मुलं आली की मी आधी हेच सांगतो.)

मी हौसेने बऱ्याचशा बिया पेरल्या. वर्षभर पाणी घातलं, एक कोंब नाही. मग कळलं की सायकसमध्येही नर-मादी झाडं वेगळी. आसपास नर नव्हता. नराशिवायही बिया बाहेरून भरलेल्या दिसतात, आत गर्भ नसतो. उरलेल्या बिया पाण्यात टाकल्या तर तरंगल्या. तोवर मी बुंध्याला फुटणारी पिल्लं काढूनच सायकस विकत होतो.

यंदा फैजपूरकडच्या एका बागेतल्या नराचा शंकू फुटायच्या वेळी कागदावर पराग झटकून आणला आणि मादीच्या पानांत दोन सकाळी भुरभुरला. हिवाळ्यात बिया काढून बादलीत टाकल्या. बऱ्याच तळाला गेल्या. त्यांचं साल सोलून वाळूत पेरून ठेवल्या आहेत. रुजायला काही महिने लागतील, त्यामुळे वाफ्यावर पाटी लावली आहे: उकरू नये.