गुडघा गेला तर?

जानेवारीतल्या एका मंगळवारी शेजारीण माझ्याकडून जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या घेऊन गेली. तिच्याकडे कॉलेजचे फुटबॉल कोच जेवायला येणार होते. मुख्य कोच आणि त्यांचा एक सहायक. "तूही ये," ती म्हणाली. "तो म्हणतोय, मिस वैशाली हवीच."

तो म्हणजे तिचा मुलगा, बारावीचा. इथे मिसिसिपीत लहान मुलं मोठ्या बायकांना नावाआधी 'मिस' लावून हाक मारतात आणि प्रत्येक उत्तराला 'येस मॅम' म्हणतात. दोन वर्षं तो आठवड्यातून दोनदा माझ्याकडे बीजगणित शिकायला यायचा. फुटबॉलच्या सरावाहून थेट, घामाने निथळत. पोहे खायचा, आणखी मागायचा आणि मग वही उघडायचा. मैदानावर तो रनिंग बॅक, म्हणजे चेंडू पोटाशी धरून समोरच्या अकरा जणांतून वाट काढणारा. (मंडळी, हा आपला फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू, हेल्मेट, खांद्यावर पॅड असलेला इथला.) शुक्रवारी रात्री हायस्कूलची मॅच असली की गावातली दुकानं लवकर बंद होतात आणि किराणा दुकानातली बाई बिल करताना मला विचारते, "तुमच्या शेजारचा पोरगा आज खेळणार ना?"

आम्ही स्टार्कव्हिलमध्ये राहतो. गावाची लोकसंख्या पंचवीस हजारांच्या आसपास आणि विद्यापीठाचं स्टेडियम 60,000 प्रेक्षकांचं. शनिवारी मिसिसिपी स्टेटची, म्हणजे याच विद्यापीठाची, मॅच असली की लोक हातात काऊबेल घेऊन जातात. गायीच्या गळ्यातली असते तसलीच घंटा. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला आजोळचा बैलपोळा आठवला आणि तिथेच डोळ्यांत पाणी आलं.

अशा गावात चांगलं खेळणाऱ्या पोराला कॉलेजं कशी मागणी घालतात, ते मी शेजारून बघितलं. देशभरात सुमारे दहा लाख मुलं हायस्कूलमध्ये फुटबॉल खेळतात. त्यांतली शंभरात सातच्या आसपास पुढे कॉलेजच्या कुठल्या ना कुठल्या संघात पोचतात. सर्वात वरच्या, डिव्हिजन वनच्या कॉलेजात जाणारी तर शंभरात तीनसुद्धा नाहीत. मुलांना दोन ते पाच तारे देणाऱ्या वेबसाइट आहेत. आमच्या पोराला तीन होते. अकरावीत पहिलं पत्र आलं आणि मग रांगच लागली. पत्रं, फोन, मेसेज, त्याचा फोटो कॉलेजच्या जर्सीत घालून पाठवलेली चित्रं. एका कोचने तर त्याच्या आजीच्या वाढदिवसाला कार्ड पाठवलं.

त्याची आई हॉस्पिटलात रात्रपाळीची नर्स आहे. तिने एक शंभर पानी वही केली होती. त्यात पट्टीने आखलेले चार रकाने: तारीख, कॉलेज, कुणी फोन केला, काय म्हणाले. निळ्या पेनाने, स्वच्छ अक्षरात. सप्टेंबरपर्यंत त्या वहीत एकतीस कॉलेजं होती.

मग शेवटच्या सीझनच्या तिसऱ्या मॅचमध्ये त्याचा घोटा दुखावला. सहा आठवडे बाहेर. मी त्याला बुटासारखं प्लॅस्टर घालून आमच्या पायऱ्या चढताना बघितलंय, एका हातात कुबडी, दुसऱ्या हातात गणिताचं पुस्तक. बहुतेक फोन थांबले. कुणी नाही म्हणालं नाही, फक्त फोन येईनासे झाले. आईने वही चालूच ठेवली. त्या सहा आठवड्यांत ज्यांनी फोन केला, त्यांच्या नावाभोवती तिने लाल पेनाने गोल केले. एकतीसपैकी नऊ गोल. डिसेंबरच्या सुरुवातीला आता बहुतेक मुलं कुठल्यातरी कॉलेजच्या करारावर सही करून टाकतात. आमचा पोरगा त्या दिवशी घरीच बसून राहिला.

हे सगळं चालू असताना नवरा म्हणाला, एकदा फिलाडेल्फियाला जाऊन येऊ. पेनसिल्व्हेनियातलं मोठं शहर नव्हे. हे आमच्यापासून गाडीने तासा-सव्वा तासावरचं नेशोबा काउंटीतलं छोटं गाव. 1964 च्या जूनमध्ये इथे जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर या तीन तरुणांना कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेच्या लोकांनी मारून मातीच्या बंधाऱ्यात पुरलं. कृष्णवर्णीयांना मताचा हक्क मिळावा म्हणून ते झटत होते, एवढाच त्यांचा गुन्हा. त्याच्या महिनाभर आधी, मे महिन्यात, याच गावात मार्कस डुप्री जन्मला, पुढे फुटबॉलसाठी देशभर गाजलेला. 1970 मध्ये गावातल्या काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगवेगळ्या शाळा एकत्र झाल्या, त्याच वर्षी मार्कस पहिलीत गेला. पुढे हायस्कूलच्या संघात त्याच्याबरोबर कोण खेळलं माहीत आहे? त्या खुनांच्या कटात शिक्षा झालेल्या डेप्युटी शेरीफचा, म्हणजे तिथल्या पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा. शुक्रवारी रात्री काळी आणि गोरी माणसं एकाच बाजूला बसून एका काळ्या पोरासाठी ओरडत होती. त्या गावाच्या चौकात उभं राहिल्यावर या गोष्टीचं वजन कळतं.

मार्कसने हायस्कूलमध्ये 87 टचडाऊन केले (चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली की एक टचडाऊन), तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम मोडला. 1981 च्या शेवटी आणि 1982 च्या सुरुवातीला देशातली मोठमोठी कॉलेजं त्या गावात उतरली. ओक्लाहोमाचे सहायक कोच लूशस सेल्मन तर गावातल्या मोटेलमध्ये मुक्कामच ठोकून राहिले. आपला आधीचा स्टार बिली सिम्स यालाही ओक्लाहोमाने गळ घालायला पाठवलं. आई शिक्षिका, घरात आजारी धाकटा भाऊ आणि दारात रोज नवा पाहुणा. पोरगा सतरा वर्षांचा! शेवटी फेब्रुवारी 1982 मध्ये त्याने ओक्लाहोमाला सही दिली.

पहिल्याच सीझनला त्याने कमाल केली. 1 जानेवारी 1983 च्या फिएस्टा बोल या सीझनअखेरच्या मोठ्या मॅचमध्ये जवळजवळ अर्धा वेळ बाहेर बसूनही 239 यार्ड धावला. पण कोच बॅरी स्विट्झर यांनी त्याचं वजन, त्याची तयारी यावर चारचौघांत बोट ठेवलं. ऑक्टोबर 1983 मध्ये ऐन सीझनमध्ये पोरगा कॉलेज सोडून निघून आला. तेव्हाच्या नियमांनुसार दुसऱ्या कॉलेजात लगेच खेळता येत नसे. मग तो यूएसएफएल या नव्या व्यावसायिक लीगमध्ये गेला आणि 1985 मध्ये गुडघा गेला. विसाव्या-एकविसाव्या वर्षी. पाच वर्षांनी जिद्दीने परत येऊन लॉस एंजेलिस रॅम्स या व्यावसायिक संघाकडून थोडं खेळला, हे खरं. नंतर ट्रक चालवला. स्विट्झर यांनी पुढे जाहीरपणे मान्य केलं की या मुलाला हाताळण्यात आपण चुकलो.

गाडीत परत येताना मी गप्प होते. मला माझा धाकटा भाऊ दिसत होता. सांगलीत कबड्डी खेळायचा, चढाई त्याची. मैदानावर 'कबड्डी कबड्डी' सुरू झालं की आमची गल्ली श्वास रोखायची. एका संघाने त्याला खेळाडू म्हणून कंत्राटी नोकरीवर घेतलं. साहेब घरी आले, आईने पुरणपोळी केली, बाबांनी पेढे वाटले. दुसऱ्या वर्षी गुडघ्याचा लिगामेंट फाटला. ऑपरेशनचा खर्च आमचा आणि पुढच्या वर्षी कंत्राट वाढलंच नाही. साहेबांवर माझा आज राग नाही. पण त्या दिवशी पुरणपोळी वाढताना आमच्यापैकी एकानेही एक साधा प्रश्न विचारला नव्हता, हे मला अजून टोचतं.

तो प्रश्न शेजारणीने विचारला.

त्या मंगळवारी तिने तळलेलं चिकन, मॅकरोनी आणि रताळ्याचा 'पाय' नावाचा गोड पदार्थ केला होता. कोच अलाबामातल्या एका छोट्या कॉलेजचे, वहीत लाल गोल असलेले. डिव्हिजन वनमधलंच कॉलेज, पण टीव्हीवर फारसं न दिसणारं. कोच भरभरून बोलले. मैदान, जिम, नवीन वसतिगृह. खेळाडूंच्या कमाईचा विषयही निघाला. 2021 पासून कॉलेजचे खेळाडू स्वतःच्या नावावर जाहिरातींतून पैसे घेऊ शकतात आणि 2025 पासून कॉलेजंच त्यांना थेट पैसे देऊ शकतात. मोठ्या विद्यापीठांना त्यासाठी पहिल्या वर्षी, 2025-26 मध्ये, सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरची मर्यादा होती, सगळे खेळ मिळून. कोच म्हणाले, "आमच्याकडे तेवढं नाही, मॅम. खोटं सांगणार नाही." मला ते आवडलं.

मग तिने ताटातला काटा खाली ठेवला. "कोच, पहिल्याच वर्षी याचा गुडघा गेला तर?"

सहायक कोच आपल्या ताटात बघायला लागला. फ्रिजचा आवाज ऐकू येत होता. पोराचे कान लाल झालेले मला दिसले. कॉलेज खेळाडूला जी स्कॉलरशिप देतं, ती काही ठिकाणी एकेका वर्षापुरतीच लिहिलेली असते. हे तिला माहीत होतं, कारण तिने ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं.

"तर तो डिग्री घेऊनच बाहेर पडेल," कोच म्हणाले.

"मला ते कागदावर हवंय. चार वर्षांचं."

कोचनी होकार दिला आणि शुक्रवारी कागद आला. ती तो घेऊन माझ्याकडे आली. मी सांगलीत अकरा वर्षं बँकेत काढली आहेत, बारीक अक्षरं वाचायची सवय आहे. आम्ही दोघींनी चहा पीत ओळ न् ओळ वाचली. वैद्यकीय कारणाने खेळ थांबला तरी फी, राहणं, जेवण चालू राहील, असं त्यात स्पष्ट होतं.

सही फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी झाली, शाळेच्या लायब्ररीत. 1964 पासून मुलं ज्या राष्ट्रीय करारपत्रावर सही करायची ते 2024 मध्ये बंद झालं, आता थेट कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या करारावर सही होते. टेबलावर बऱ्याच टोप्या मांडून शेवटी एक उचलायची, अशी इथे पद्धत पडली आहे. याने टेबलावर एकच टोपी ठेवली. शेजारी आई, आजी आणि एका टोकाला मी, साडी नेसून. डिव्हिजन वनला लागणारे सोळा विषय त्याने पूर्ण केले होते, 'बीजगणित दोन' या विषयात बी ग्रेड मिळवून.

ऑगस्टमध्ये तो गेला. मी चिवड्याचा मोठा डबा दिला. दोन खुर्च्या परत करायला शेजारीण आली तेव्हा मी वहीबद्दल विचारलं, मला बघायची होती. ती म्हणाली, दिली. आमच्याच रस्त्यावर तिसऱ्या घरात दहावीतला एक मुलगा आहे, त्याला नुकतंच पहिलं पत्र आलं होतं. उरलेल्या कोऱ्या पानांवर तिने चार रकाने आधीच आखून ठेवले होते, आणि सोबत लाल पेन दिलं होतं.